तांबेऱ्याचा हिवाळा

माजं नाव चांगुणा. माहेर चाकणच्या वरल्या अंगाला, भामा नदीच्या काठाला. गाव लहानसं, बाप बाजरी करायचा, हुलगा मटकी करायचा, इहिरीच्या पाण्यावर वाईच कांदा व्हायचा, आन् त्येच्यावर आमचं चालायचं. आमी दोघं भावंडं, मी थोरली आन् म्हादू धाकला. आई लवकर गेली, म्हादू रांगत व्हता तवा, म्हणून त्येला म्याच वाढवला म्हण, काखंत घेऊन पाण्याला जायची, काखंत घेऊन शेण गोळा करायची, आन् माजं लगीन झालं तवा त्यो माज्या गाडीमागं नदीपातुर पळत आला व्हता. चौदाव्या वर्साला लगीन, आन् लगीन होऊन मी हितं आले, ताथवड्याला. आता तू बगतीस त्ये ताथवडं न्हाई पोरी. ही तुमची कालिजं नव्हती, ह्या उंच इमारती नव्हत्या, समदं रान व्हतं, ज्वारीचं आन् भाताचं, आन् सांजच्याला कुत्रं भुकलं तर वाकडपातुर ऐकू जायचं.

घर चांगलं व्हतं, न्हाई म्हणणार न्हाई. मालक कष्टाळू, दारूला हात लावायचे न्हाईत, मारहाण न्हाई. पर वर्सं गेली आन् पदरात काही पडंना. अंगारा झाला, उपास झाले, कुणी काय सांगितलं त्ये समदं झालं. मंग मालकांनी दुसरी केली. मुळशीकडची पोर, कमळ नाव, माज्या खांद्याएवढी व्हती, लुगड्यात गुंडाळलेली बाहुलीच. कुणी मला जा म्हणालं न्हाई, ह्ये मी खरं सांगते, मेलेल्या माणसांवर आळ कशाला घेऊ. मालक म्हणाले, तू ऱ्हा, म्या काय तुला टाकली न्हाई. आत्याबाई, म्हंजी माजी सासू, त्या बी काही वाकडं बोलल्या न्हाईत. पर त्येच तर व्हतं ना, कुणी काही बोलतच नव्हतं. आधी पीठ मळताना इचारायच्या, मीठ टाकलंस का, गाय बांधली का, आता कुणी काहीच इचारीना. मी अंगणातनं घरात यायची आन् बोलणं थांबायचं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मंग एक दिवस म्या माजं गठुडं बांधलं, आत्याबाईंच्या पाया पडले आन् निगाले, आन् त्या आशीर्वाद द्येत म्हणाल्या, सांबाळून जा. थांब कुणी म्हणालं न्हाई.

बाप तवर गेला व्हता, म्हणून म्हादूच्या घरी गेले, पर त्येचं बी नवंच लगीन झालेलं, एका खणाचं घर, मधी धडुतं बांधलेलं, तितं किती दिस ऱ्हाणार. मंग त्येच्याच वळखीनं मला मळ्यावर काम लागलं.

आता मळा कसला त्ये सांगते. देहूरोडला मिलिटरीची छावणी हाय न्हवं, त्या येळंला छावणीत खेचरं लई व्हती, सामान वाहायची, आन् तेवढ्या जनावरांना हिवाळाभर हिरवा चारा लागायचा. एका ठेकेदार शेटनं चारा पुरवायचा ठेका घेतला व्हता, आन् त्येच्यासाठी पवनेच्या काठाला जमीन खंडानं घेऊन तितं ओट पेरायचा. ओट म्हंजी गव्हाचीच भावकी म्हण. पात गव्हापरीस रुंद, रंगानं काळपट हिरवी, आन् ओंबी गव्हावानी ताठ न्हाई, मोकळी, एकेक दाणा बारीक दोऱ्याला टांगल्यावानी खाली लोंबतो, आन् वारं आलं की समदं रान खुसखुस करतं, जसं कुणी शेजारी बसून हळू आवाजात बोलतंय. आमच्याकडं तवा ओट कुणी खात नव्हतं. आता घरातली सून सकाळी डब्यातनं काढती, दुधात शिजवती, ह्येनं वजन उतरतं म्हणती. म्या म्हणलं, अगं खेचरं खायची ती, ती कुठं बारीक व्हती.

मळ्यावर मुकादम व्हते दगडूमामा. वयस्कर माणूस, डोक्याला मोठं मुंडासं, बोलायचे कमी, पर पिकाचं काही इचारलं की सांगायचे. बाया माणसं आजूबाजूच्या गावांतनं यायची आन् दिवस कलला की आपापल्या घरी जायची. राखणीला मातर कुणीतरी तितंच ऱ्हायला पायजे व्हतं, गुरं शिरायची, पाखरं पडायची. मामांनी मला इचारलं, बाई, एकटी ऱ्हाशील का. म्या म्हणलं ऱ्हाईन. नदीकडंला एक खोप व्हती, पाचटाची, तितं माजं बिऱ्हाड, एक तवा, दोन भांडी, एक वाकळ. सांजच्याला छावणीत बिगुल वाजायचा, लांबून यायचा आवाज, मंग रुळावरनं गाडी शिट्टी देऊन जायची, आन् त्येच्यानंतर काई न्हाई, नदी आन् बेडकं. पयल्या पयल्यांदा मी मोठ्यानं बोलायची, आता भाकरी टाकावी, आता दिवा लावावा, असं, आपलाच आवाज कानावर पडावा म्हणून. काय सांगू तुला, माणूस बोलला न्हाई ना, तर त्येचा घसा बी धरतो. सकाळी बाया यायच्या तवा माजा पयला शब्द फुटायचाच न्हाई.

त्या वर्साची सुरवातच जरा वाकडी झाली. दिवाळी सरली तरी ऊन हटंना, दुपारी भाद्रपदावानी अंग पोळायचं. पयले काही सारे, म्हंजी लांबट वाफे, पेरले, उगवण झाली, पर रोपं सुतावानी वर वर जाय लागली. मामा म्हणाले, ह्येला थंडी पायजे, थंडी असली की त्ये खाली बसून फुटवे काढतं, एका दाण्याचा झुपका करतं, आन् ऊन असलं की घाई करून उंच व्हतं आन् नुसती काडी ऱ्हाती. ते सारे मामांनी मोडले, पुन्यांदा नांगर घालून, पाणी देऊन, माती वाईच सुकून वापसा आल्यावर पेरलं. आन् मंग थंडी आली. अशी आली म्हणतीस, नदीवर सकाळी वाफ निगायची, पाटाच्या पाण्यात पाय घातला की हाडं दुखायची, पर पीक बगावं तर एकेका रोपाला फुटवेच फुटवे. सकाळी दहिवर इतकं पडायचं की बांधावरनं गेलं तर लुगडं गुडघ्यापातुर भिजायचं. ऊन आलं की दहिवर वाळायचं, पात सुकायची, आन् मामा म्हणायचे, ह्ये असंच पायजे, रातचं भिजावं आन् सकाळी वाळावं, वाळलं न्हाई की खोकला धरतं, माणसाला बी आन् पिकाला बी.

मार्गशीर्षात पयली कापणी झाली. गाड्या भरभरून छावणीत गेल्या. कापल्या बुडख्यातनं पुन्यांदा पात फुटली. पर नदीकडंचं रान कापलं न्हाई, त्ये मामांनी पुढल्या वर्साच्या बियाण्याला ठेवलं, आन् त्येची राखण माज्याकडं. त्येच्या मधीच माजी खोप. तर ते रान म्हंजी माजंच झालं म्हण. सकाळी उठून पयलं त्येच्याकडं बगायचं, मंग चूळ भरायची. कुठं पाणी कमी, कुठला सारा पिवळा पडलाय, समदं मला ठावं. मी त्येच्याशी बोलायची, हसू नको. पोटरीला आलं तवा, म्हंजी ओंबी आत पानाच्या पोटात असती आन् काडी फुगती तवा, मी एकेक काडी हळू दाबून बगायची, आन् बोटाला आतलं मऊ मऊ लागायचं.

अशात कमळ आली.

पौषाचं ऊन, मी बांधावर बसून भाकरी खात व्हते. लांबनं एक बाई येताना दिसली, डोक्यावर पाटी, चाल वळखीची न्हाई. जवळ आली तर कमळ. मला वाटलं आत्याबाईंचं काहीतरी झालं, माज्या हातातला घास तसाच ऱ्हायला. म्या म्हणलं, काय गं, घरी समदी बरी हायेत ना. तर ती म्हणाली, बरी हायेत अक्का. आन् बसली, माज्यापासनं वाईच लांब, आन् रडाय लागली. मी काय करणार, माजी सवत ती. तिला पाणी दिलं. मंग म्हणाली, मला दिस गेल्यात. आता ह्या शब्दाला मी आठ वर्सं तरसले व्हते, तर मला वाटलं आता काळजात कळ उठंल, पर काय झालं ठावं न्हाई, तिच्याकडं बगितलं तर तिचे गाल बसलेले, ओठ फुटलेले, आन् माज्या मनात आलं ही पोर नीट जेवत न्हाई.

मंग तिनं सांगितलं. मालक आता पिंपरीच्या कारखान्यात कामाला लागलेत, शिफ्ट म्हणून असती, कवा सकाळचे जात्यात कवा सांजचे, घरी आले की झोपत्यात. आत्याबाईंच्या डोळ्यांत फूल पडलंय, दिसत न्हाई, अन् दिसत न्हाई म्हणून त्या आणखीनच गप झाल्यात. दिवसभर घरात कुणी बोलत न्हाई अक्का, ती म्हणाली, मला भ्याव वाटतं. तुमी घरी चला. मी तुमचं समदं ऐकीन, तुमी म्हणाल त्ये करीन, पर चला.

म्या लगीच व्हय म्हणलं न्हाई. म्या म्हणलं, अगं पीक उभं हाय, दाणा धरायचाय, मामांनी भरवशानं मला ठेवलंय. फाल्गुनात निघंल, मंग बगू. ती म्हणाली, फाल्गुनात नक्की? म्या म्हणलं नक्की. आन् तिला माजी अर्धी भाकरी आन् लसणाची चटणी दिली, ती तिनं अशी खाल्ली जसं कुणी हिसकावून घील.

तवापासनं ती बाजाराच्या दिवशी यायची. चिंचवडच्या बाजाराला म्हणून निगायची आन् वाट वाकडी करून माज्याकडं. दोघी बांधावर बसायचो. लई काय बोलायचो असं न्हाई. ती तिच्या मुळशीचं सांगायची, तितल्या पावसाचं, तिच्या बहिणीचं. मी तिच्या केसात तेल घालायची. काय सांगू, आठवडाभर मी त्या दिवसाची वाट बगायची, आदल्या दिवशी खोप झाडून ठेवायची, जसं काय पावणं येणार. ओंब्या बाहेर पडल्या तवा ती आली व्हती, म्हणाली, अक्का, किती देखणं दिसतंय. वारं सुटलं व्हतं आन् समदं रान एका अंगाला झुकायचं आन् उठायचं.

ओंब्यांसंगं काणी बी आली. काणी म्हंजी काय, तर ओंबीत दाणाच न्हाई, दाण्याच्या जागी काळी भुकटी, काजळावानी, आन् वारं आलं की ती उडून चांगल्या ओंबीवर बसती, मंग पुढल्या वर्साचं बियाणं बी रोगी. मामांनी सांगितलं, एकेक काळी ओंबी हळू कापायची, झटका द्यायचा न्हाई, फडक्यात गुंडाळायची आन् रानाच्या बाहेर नेऊन जाळायची. त्ये काम एकटीनं करायचं, चार बाया शिरल्या की पीक तुडवलं जातं. मी वाकून वाकून साऱ्यांमधनं फिरायची, हात काळे, तोंड काळं. कमळ म्हणाली, मी बी करते. म्या म्हणलं, तू बांधावर बस, ही भुकटी तुज्या नाकात जायला नको. तर ती बांधावर बसून मला दाखवायची, अक्का तितं एक काळी हाय, तुमच्या डाव्या हाताला, अजून पुढं. तिची नजर लई तेज. त्या दिवशी काम कवा सरलं मला कळलं न्हाई.

संक्रांत झाली. तितपातुर समदं बरं व्हतं. दाणा दुधात आला व्हता, चिमटीत दाबला की पांढरा चीक यायचा. मामा म्हणाले, अजून असंच ऊन-थंडी ऱ्हायली तर बियाणं सोन्यावानी निघंल, आन् म्हणाले, बाई, शेटला सांगून तुला बाराही म्हैने ठिवून घेतो.

आन् मंग आभाळ आलं. माघात कुठं आभाळ येतं का. पर आलं. सूर्य दिसंना, थंडी गेली, हवा दमट, अंगाला चिकचिक. एक दिवस भुरभुर पाऊस झाला, पाऊस म्हणजे पाऊस बी न्हाई, नुसती धुई अंगावर पडल्यावानी, आन् त्येच्यानंतर रोज सकाळी धुकं. नदीतनं उठायचं आन् रानावर बसायचं, दुपारपातुर हालायचं न्हाई. मी खोपीच्या दारात उभी ऱ्हायची तर पुढला सारा दिसायचा न्हाई. पात भिजलेली ती भिजलेलीच, वाळायचं नावच न्हाई. आधी मावा पडला, पानांच्या बुडाला हिरवे बारीक किडे, हात लावला की चिकट. मामा आभाळाकडं बगायचे आन् निगून जायचे.

बाजाराचा दिवस आला. कमळ आली, पोट आता दिसत व्हतं, सावकाश चालत आली, आन् बांध निसरडा झालता म्हणून रानातल्या पायवाटंनं, पिकामधनं आली. आली ती हसत व्हती. म्हणाली, अक्का ह्ये बगा, तुमच्या रानानं मला हळद लावली. म्या बगितलं तर तिच्या हिरव्या लुगड्याला, गुडघ्याच्या खाली, समदीकडं तांबूस पिवळी भुकटी लागलेली, हाताला बी लागलेली. ती हसतच व्हती, आन् मला तिला काही सांगवंना. म्या म्हणलं, व्हय गं, लावली खरी.

ती गेल्यावर मी रानात शिरले. वरनं पात हिरवीच दिसत व्हती, पर खालची पानं बगितली तर त्येच्यावर बारीक बारीक फोड, नारिंगी, आन् बोट लावलं की भुकटी. तांबेरा. गव्हावर म्या लहानपणी बापाच्या शेजाऱ्याच्या रानात बगितला व्हता, पर असा न्हाई. मामांना बोलावलं. ते बांधावर टेकले, एक पान हातात घेतलं, उलटं केलं, अंगठा फिरवला, अंगठ्याकडं बगत बसले. मंग म्हणाले, बाई, ह्यो वाऱ्यावर येतो, त्येला कुंपण न्हाई. ऊन पडलं तर वाचंल.

गंधकाची भुकटी आणली. फडक्यात बांधून आमी बायांनी पिकावर झाडली, डोळ्यांतनं पाणी, घशात आग. पर धुक्यानं समदं पुन्यांदा धुवून जायचं. ऊन काही पडलं न्हाई. आन् तांबेरा कसा पसरतो म्हणतीस, आज ह्या साऱ्यात, उद्या पलीकडं, आन् परवा बगावं तर कापणीच्या रानात बी. हिरवं रान बगता बगता विटकरी झालं. मी सकाळी रानात जाऊन आले की पायापातुर तांबडी, लुगडं झटकलं की ढग उठायचा, भाकरीवर बी ती भुकटी, पाण्याच्या घागरीवर बी. शेवटी एका दुपारी वारं सुटलं, आन् काड्या आधीच पिचलेल्या, समदं पीक आडवं झालं. मी बगत ऱ्हायले. बाकीच्या बाया घरी निगून गेल्या व्हत्या, कुणाला सांगायला बी कुणी नव्हतं.

मामांनी व्हतं त्ये कापून गाड्या भरल्या, म्हणाले चारा तर चारा. गाड्या छावणीत गेल्या आन् तशाच परत आल्या. खेचरं तोंड लावीनात, फुरफुरत्यात, खोकत्यात, जनावरांचा डॉक्टर म्हणाला ह्यो चारा चालणार न्हाई. त्येचं बी खरंच व्हतं, मुक्या जनावराला रोगी चारा कोण घालील. शेट आला, बांधावर उभा ऱ्हायला, रानात पाय बी ठेवला न्हाई. मामांशी दोन शब्द बोलला आन् गेला. मामांनी आमाला गोळा केलं, म्हणाले, बायांनो, ह्या साली आता काम न्हाई. त्येच आठवड्यात माणसं पिंपरीकडं गेली, कारखान्याच्या दारात उभी ऱ्हायली, कुणाला काम मिळालं, कुणी आपल्या गावी गेलं. नदीचं पाणी पाटात उपसायचं इंजिन सोडवून गाडीत घालून नेलं. मामा जाताना म्हणाले, बाई, आता कसली राखण, तू बी जा. माज्या डोक्यावर हात ठेवला आन् गेले. पुन्यांदा कंदी भेटले न्हाईत.

मी गेले न्हाई. का गेले न्हाई त्ये मला सांगता येत न्हाई. खोपीतच ऱ्हायले. आभाळ निवळलं आन् कडक ऊन पडलं, पर आता पडून काय उपेग. पानं वाळली, तांबडी भुकटी काळी पडली. वाकून ओंब्या बगितल्या, दाणा पोचट, नुसतं टरफल, वाऱ्यानं बी खुसखुस न्हाई, कोरडा खडखड आवाज. गुरं शिरली तरी मी हाकलली न्हाईत, ती बी हुंगून परत गेली. इंजिन न्हाई, माणूस न्हाई, पाटात पाणी न्हाई. मी दाराशी बसायची आन् एकच इचार, बाजाराचा दिवस आला की कमळ यील, आन् मी तिला म्हणीन, चल, पीक निघालं म्हण, आता घरी जाऊ. बाजाराचा दिवस आला, ती आली न्हाई. पुढला आला, तरी न्हाई. तवा मातर माजं मन धास्तावलं. म्या गठुडं बांधलं आन् चालत ताथवड्याला आले.

दारात पाय ठेवला तर मालक सोप्यात बसून वळकटीला दोरी आवळत व्हते. मला बगून म्हणाले, आलीस व्हय, बरं झालं, मी सांगावा धाडणारच व्हतो. म्हणाले, पिंपरीत खोली मिळाली, कारखान्याच्या जवळ. कमळला नेतो, तिचं आता अंग जड झालंय, तितं दवाखाना जवळ हाय. आईला डोळ्यानं दिसत न्हाई, तिला नव्या जागी कुठं नेऊ. तू हितं ऱ्हा, घर सांबाळ, दोन येळचं मी पाठवत जाईन. असं सरळ सांगितलं, रागानं न्हाई की लोभानं न्हाई, जसं माणूस गड्याला काम सांगतं तसं. म्या म्हणलं, बरं.

मागच्या अंगणात कमळ व्हती. मला बगितलं आन् माज्या गळ्यात पडली. म्हणाली, अक्का, दोन बाजार झाले, मला बाहेर पडू देत न्हाईत, पायावर सूज हाय. म्हणाली, म्या त्येंना म्हणलं अक्काला बी नेऊ संगं, तर म्हणाले एका खोलीत कुठं मावणार. म्या तुमाला घरी बोलावलं त्ये मला सोबत पायजे म्हणून, आन् आता मीच चालले. मी तिचं तोंड पुसलं. म्या म्हणलं, वेडी का काय, बाळंत हो नीट, मी येते भेटायला. इचारलं न्हाई तिनं पिकाचं, आन् म्या सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत बसून ती गेली.

तर अशी मी घरी आले. ज्या घरातनं निगताना कुणी थांब म्हणालं नव्हतं, त्ये समदं घर माजं झालं, आन् घरात कोण, तर मी आन् आंधळ्या आत्याबाई. पर एक सांगते, आत्याबाई बदलल्या. डोळ्यानं दिसत नव्हतं म्हणून त्या दिवसभर आवाज द्यायच्या, चांगुणा, हायेस का. मी म्हणायची, हाय. वाईच येळानं पुन्यांदा, चांगुणा, हायेस का. हाय आत्याबाई, हितंच हाय. तेवढंच बोलणं, वर्सानुवर्सं. पयल्यांदा मला कटकट वाटायची, मंग सवय झाली, आन् मंग मी त्येचीच वाट बगाय लागले. त्या गेल्या त्येच्यानंतर घर इतकं गप झालं की मला बाहेर ओट्यावर झोपायची पाळी आली.

कमळला मुलगी झाली, मंग दोन मुलगे. मी बाळंतपणाला गेले व्हते, खोलीत खरंच जागा नव्हती, मी दाराबाहेर वाकळ टाकून निजायची. पोरं लहान व्हती तवा कमळ त्येंना घेऊन यायची, रविवारची, मोठी माय म्हणायची पोरं मला. मंग शाळा आल्या, ओव्हरटाइम आले, येणं कमी झालं. त्येच्यात कुणाचा दोष न्हाई. तांबेरा पडला त्येच्या पुढल्या हिवाळ्यात मी एकदा चालत त्या मळ्यावर गेले व्हते, दुसऱ्या कुणीतरी जमीन केली व्हती, ज्वारी पेरली व्हती. ज्वारीत मधी मधी ओटाची रोपं आपसुक उगवली व्हती, आन् एक बाई खुरपून ती काढून टाकीत व्हती. आता तितं काय हाय मला ठावं न्हाई.

मालक गेले, कमळ गेली, म्हादू गेला. मागं मी ऱ्हायले. कमळच्या थोरल्यानं ह्ये जुनं घर पाडून तीन मजली बांधलं, वर तुमा पोरींना खोल्या दिल्या आन् मला खाली ही. चांगला हाय त्यो, जेवणाचं ताट वेळेवर येतं, दवापाणी करतो, सून बी भली हाय. पर ती दोघं सकाळी हिंजवडीला जात्यात ती अंधारल्यावर येत्यात, रस्त्यात गाड्याच हालत न्हाईत म्हणं. दिवसभर तुमच्या चपला जिन्यावर ऐकते, आता चपलांवरनं वळखते कोण उतरली. कानाला फोन लावून उतरता, बोलत बोलत, चांगलं वाटतं, पोरी बोलत्यात म्हंजी बऱ्या हायेत. तू थांबलीस, बसलीस, मला इचारलंस, इतकं कुणी इचारत न्हाई. लिवून काय करणार तू ह्येचं, पर लिव. तुजी आई तिकडं लातूरकडं वाट बगत असंल, सुट्टीत जाऊन येत जा, नुसता फोन पुरत न्हाई. देव तुला चांगली नोकरी देवो, बोलणारं माणूस देवो. जा आता, वर तुजं जेवण निवंल. आन् जाताना दार ओढू नको. ऱ्हाऊ दे असंच, जाता येता कुणी डोकावलं तर बरं वाटतं.